ऐकलं तेवढंच

पेन्सिलीचं टोक कुंपणाच्या रेघेपाशी थांबलं आणि तिथं तीन बारीक टिंबं उमटली... चष्मेवाल्याची. काल अशीच उमटली होती, परवाही. हात किती सराईत झालाय, तिला वाटलं. कानांना विचारतसुद्धा नाही.

कागदाच्या मध्यभागी एक फुली, म्हणजे आपण. ज्या दिशेनं जो आवाज आला, तिथं त्याची खूण. रोज सकाळी वीस मिनिटं तिसरीतली चौदा मुलं शाळेच्या आवारात आपापल्या ठरलेल्या जागी बसून असा आवाजांचा नकाशा काढत — कुणी पाण्याच्या टाकीपाशी, कुणी लाकडांच्या ढिगावर, टोपीवाला कायम उताणा झोपून — आणि त्यांच्याबरोबर तीही काढायची. नियम तिचाच. एकोणीस वर्षांपूर्वी ही शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक उजाड आवार होतं, तेव्हा शाळा काढणाऱ्या मोठ्या ताईनं आणि तिनं मिळून अभ्यासक्रम लिहिला होता. पहिली-दुसरीला पानं, बिया, किडे. तिसरीला एक सत्र माती, एक सत्र आवाज, एक सत्र पाणी. आवाजाच्या सत्राची पानं सगळी तिच्या हातची. 'मूल स्वतः ऐकेल. ऐकलं तेवढंच नोंदवेल. न ऐकलेलं नोंदवणार नाही.' तिसरं वाक्य मोठ्या ताईला जास्तीचं वाटलं होतं, दुसऱ्यात आलंच की गं ते, पण ही हटून बसली. तेव्हा पस्तिशीत होते मी, हटून बसणं जमायचं.

तिनं हात वर केला. मुलं उठली, कपडे झटकत चटईवर गोल करून बसली आणि आपापले कागद वाचू लागली. मोटरसायकल, पंप, वाळक्या पानावरून पाल गेली ते, टोपीवाल्याच्या स्वतःच्या पोटाचा आवाज (हशा), आणि चष्मेवाला. चौदातल्या अकरा जणांकडे तो होता. बोटभर पक्षी, डोळ्याभोवती पांढरं कडं, म्हणून ते नाव. आवाज सुईसारखा... असायचा. मागच्या वर्षी कधीतरी तिच्यापुरता तो बंद झाला; नेमका कधी, सांगता येत नाही. आवाज थांबला ते कुणाला ऐकू येतं? पक्षी कुठंतरी गेले असतील असंच तिनं धरलं होतं, आणि मुलांच्या कागदांवर ते तसेच दिसत राहिले तेव्हा — तेव्हा काय केलं मी? बघून घेतलं. एकदा. मग रोज. मग बघायचीही गरज उरली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वी एक आलेख समोर ठेवला होता, उजवीकडे उतरत गेलेली रेघ. बोलणं ऐकू येईल अजून बरीच वर्षं, ते म्हणाले, वरच्या पट्टीतलं मात्र गेलंय, यंत्र लावूनही ते कितपत मिळेल सांगता येत नाही. जिना उतरताना नवरा म्हणाला, "म्हणजे माझ्या हाका ऐकू न येणं हा वेगळाच आजार आहे तर." ती हसली होती. घरी एवढ्यावर भागलं. शाळेत अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

"ताई, तुझा चष्मेवाला चुकलाय."

मुंगी तिच्या गुडघ्यावर हात टेकून कागदात डोकावत होती. वर्गातली सगळ्यांत लहान चणीची. सदानकदा वाकून जमिनीवर काहीतरी शोधत असते म्हणून मुंगी. "तो आज कुंपणाकडे नव्हताच. टाकीच्या मागं होता. तू कालचं काढलंस." बटण चुकीच्या काजात गेलंय हे सांगावं, तसा आवाज.

"हो का? बघते हं," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घातली. काय बघणार होती?

नंतरचा तास गणिताचा. शेंगा सोलायच्या, प्रत्येकीतल्या बिया मोजायच्या, वीस शेंगांची सरासरी काढायची. तीही एक शेंग सोलत बसली, आणि बोटांना तो चिकटपणा लागला तशी आई आठवली. काही कारण नव्हतं, आई कधी अशा शेंगा सोलत नव्हती. शेवटची सहा-सात वर्षं आई समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि बरोबर वाटेल तिथं हसायची, मान हलवायची. या शाळेत यायचं ठरवलं तेव्हा मी तिला सांगत होते की मला भीती वाटतेय, पक्की नोकरी सोडतेय, जमलं नाही तर कुठं जाऊ — आणि आई तोंडभर हसून म्हणाली, "छान झालं." काय चिडले होते मी! "काही नाही, सोड," म्हणाले आणि उठले. परत सांग, असं का नाही म्हणाली ती? वर्षानुवर्षं राग होता त्याचा. आता कळतंय. एकदा म्हणता येतं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकतं, आणि ते बघण्यापेक्षा...

"ताई, साडेपाच बिया कशा असतील?" कुणीतरी विचारत होतं. ती फळ्याकडे गेली.

जेवताना मोठी ताई ताट घेऊन शेजारी बसली. "पानं झाली का गं? सोमवारी येतायत ते दोघं." दुसऱ्या एका शाळेला आवाजाचं सत्र त्यांच्याकडे सुरू करायचं होतं, तिथले दोन शिक्षक तिच्या तासाला बसणार होते, आणि त्याआधी शिक्षकांसाठीच्या सूचना नीट लिहून हव्या होत्या.

"झाली. एका वाक्यापाशी अडलंय."

"कुठल्या?"

"'शिक्षकानं मुलांसोबत स्वतःही नकाशा काढावा.'"

"त्यात अडायचं काय? सगळा जीवच त्यात आहे. तू काढतेस म्हणून ती काढतात." मोठी ताई उठली, पाण्याचा तांब्या आणायला. तेवढ्यात सांगता आलं असतं. ती परत येऊन बसली तेव्हाही आलं असतं. हिनं घास घेतला. चावायला वेळ लागतो, तेवढा वेळ बोलावं लागत नाही.

दुपारी मुलं बागेत पांगली तेव्हा मुंगी टाकीमागच्या ओल्या जागेत उकिडवी बसलेली दिसली. ती तिच्याजवळ जाऊन टाकीच्या कट्ट्यावर बसली.

"मुंगे, सकाळी तू म्हणालीस ते खरं होतं. मी कालचंच काढलं. मला तो ऐकू येत नाही."

"आज?"

"बऱ्याच दिवसांपासून."

मुंगीनं हातातली काडी खाली ठेवली. "मग कशावरून काढायचीस?"

"तुमच्या कागदांवरून."

"म्हणजे कॉपी."

"हो."

मुंगीनं हाताची माती झटकली. रागावली असेल, हसेल, पळत जाऊन सांगेल... यातलं काही झालं नाही. "माझ्या आजोबांना घड्याळाचा गजर ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आम्ही सगळे उठतो." मग एकदम मान वर करून, "आत्ता आहे तो! वर बघ, त्या फांदीत."

तिनं कान दिले. पंप होता. वारा होता. "नाही."

"थांब, मी करून दाखवते." मुंगीनं पडलेल्या दाताच्या फटीतून हवा सोडली. ओठ हलले, फुंकरीसारखं काहीतरी आलं, आणि तिला स्वतःच्या गालांचे स्नायू हसायला निघालेले कळले, मान हलायला निघालेली कळली.

"नाही आलं," ती म्हणाली. "परत कर."

मुंगीनं परत केलं.

"परत."

"अगं ताई, किती वेळा!" चेहऱ्यावरून ते सरकलंच, अगदी उघड. आणि मुंगीनं चौथ्यांदा केलं, या वेळी घशातून, जाड, भसाडं, कुठल्याच पक्ष्यासारखं नसलेलं. ते आलं. "असा नाहीये तो," मुंगी वैतागून म्हणाली, "पण तुला असाच करावा लागतोय." आणि टोपीवाल्यानं हाक मारली तशी काडी उचलून पळाली.

ती कट्ट्यावरच बसून राहिली. मोठ्या ताईच्या खोलीचं दार उघडं दिसत होतं. तिथं जाऊन काय सांगायचं हे अजून ठरत नव्हतं. सत्र दुसऱ्या कुणाला द्या, की मीच घेते पण ते वाक्य बदलूया, की वाक्य राहू दे आणि सोमवारी माझा कागद अर्धा कोरा असेल तर असू दे... वाक्य जुळेना. फांदीत काहीतरी हललं. इवलीशी चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिच्यापर्यंत काहीच आलं नाही. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. वर्षभरात याचं वाईट वाटायला तिला सवडच झाली नव्हती. सगळा वेळ पकडले जाण्याच्या धास्तीत गेला होता. ती बघत राहिली.