स्प्रिंगवरचा हात

आमच्या गॅरेजात पुढच्या चाकाचं बेरिंग तपासायला दोन माणसं लागतात. गाडी जॅकवर उचलायची, एकाने चाक हाताने गोल फिरवायचं आणि दुसऱ्याने चाकाच्या वरच्या स्प्रिंगवर तळवा टेकवायचा. बेरिंग खराब असेल तर त्याची खरखर स्प्रिंगमध्ये चढते आणि तळव्याला लागते. माझा थोरला भाऊ, दादा, हात ठेवणार, मी चाक फिरवणार. सव्वीस वर्षं झाली. मी पन्नाशीला टेकलो, पण मला काही बढती मिळाली नाही.

दादाचा हात हीच आमच्या गॅरेजची पाटी. तो ‘मऊ आहे’ म्हणाला की गाडी खाली, ‘खातंय’ म्हणाला की बेरिंग बाहेर. मला विचारायची पद्धत नव्हती. चाक फिरवताना माझ्याही हातांना काहीबाही जाणवायचं, पण मी बोलायच्या आत दादा नेमकं तेच बोलायचा. चला, आपलाही अंदाज अगदीच वाईट नाही, एवढ्यावर मी खूश असायचो.

त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं होतं. आवाज पकडणारं यंत्र घेऊ या, असं मी म्हणत होतो. चाकांजवळ त्याचे चिमटे लावायचे, गाडी पळवायची, कुठलं बेरिंग ओरडतंय ते कानात ऐकू येतं. दादा म्हणाला, “का? माझा हात काय भाड्याने दिलाय?” झालं, मी तोंड शिवून टाकलं. राग आला की मी भांडत नाही, दगड होतो. बायको म्हणते, त्यापेक्षा चार भांडी आपटा.

दुपारी आमची बहीण आली. चाळिशी ओलांडली तरी आम्हाला ती बारकीच. तिची गाडी सोळा वर्षांची. दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलीला हॉस्टेलवर सोडायला निघायचं होतं. चारशे किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता डोंगरातला. नवऱ्याला रजा नाही, म्हणून गाडी हीच चालवणार, सोबत दोघी मुली आणि गादी-बादलीचा संसार.

“दादा, साठच्या वर गेलं की पुढून घूंऽऽ असा आवाज येतो. आणि सत्तरला स्टिअरिंग थरथरतं. जाऊ ना उद्या?”

“बघू तर दे आधी. आल्या आल्या घोड्यावर बसू नकोस.”

थरथर सोपी निघाली. एका चाकाच्या कडेला तोलासाठी लावलेलं वजन पडलं होतं, ते बसवून बॅलन्सिंग केलं. चाकं धरून हलवून पाहिली, सांध्यांना पहार लावून पाहिली, कुठे ढिलाई नव्हती. राहिला तो आवाज. उजवं चाक उचललं. दादाने बंपरकडून वाकून आत हात घातला. तिथून मडगार्डाच्या आड चाक त्याला दिसत नाही, फक्त मी दिसतो.

मी फिरवलं. तळव्यांना बारीक कचकच लागली, पिठात रेती आल्यासारखी. पण मी दगड झालो होतो ना! म्हटलं, हात तुझा, सांग तूच. दादा बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

“मऊ आहे,” तो म्हणाला. “टायर झिजलेत, त्यांचा आवाज येतोय. जा तू बिनधास्त.”

बारकीचा चेहरा खुलला.

बॅलन्सिंग जमलं का बघायला मी गाडी मागच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. स्टिअरिंग शांत होतं. साठला घूं सुरू झाला. सहज म्हणून डावीकडे झोल दिला. गाडीचा भार उजवीकडे गेला आणि घूंची गुरगुर झाली. उजवीकडे झोल दिला, तर एकदम गप्प. पुन्हा डावीकडे, पुन्हा गुरगुर. टायरचा आवाज असा बाजू बघून बदलत नाही. उजवं बेरिंग गेलं होतं, आणि उतारावर, वळणावर, भरल्या गाडीत ते अडकलं असतं तर पुढचा विचार करायलाही मला नको वाटलं. दादाचा हात चुकतो, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

परत येऊन म्हटलं, “दादा, उजवं एकदा परत बघू.”

“एकदा सांगितलेलं कळत नाही?” तो करवादला, पण आला. वाकला, हात घातला.

मी पुढे काय केलं ते सांगायची मला लाज वाटते. काळजी होतीच, पण सकाळचा रागही होता. मी चाकाला हात लावला, खांदे हलवले, तळवे टायरवरून नुसते सरकवले. चाक तसूभरही फिरलं नाही.

“हं,” दादा म्हणाला. “मऊ आहे. सांगितलं होतं ना?”

बारकी माझ्या बाजूलाच उभी होती. तिने सगळं पाहिलं.

“दादा,” ती म्हणाली, “त्याने फिरवलंच नाही.”

दादाचा हात तसाच आत राहिला. मग त्याने तो काढला, चांगला स्वच्छ होता तरी फडक्याला पुसला आणि टायरांच्या चळतीवर बसला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली. साखरेने. आधी बोटांची टोकं गेली, मग तळवा. गरम-गार कळतं थोडंफार.”

“मग एवढ्या गाड्या तपासल्यास त्या कशा?”

“तुझ्या तोंडाकडे बघून. बेरिंग खराब असलं की तुझी डावी भुवई वर जाते. चांगलं असलं की ओठ सैल सुटतात. दोन वर्षांत एकदाही चुकला नाहीस रे तू.” सव्वीस वर्षांत त्याने माझं पहिल्यांदा कौतुक केलं, आणि ते मला ऐकवत नव्हतं. “आज मात्र तुझं तोंड काही बोलेना.”

“बोलेना, तर मग मला जा का म्हणालास?” बारकीने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “माझ्या पोरी बसणार होत्या त्या गाडीत.”

“कळत नाही, असं मी कधी म्हटलंच नव्हतं गं,” दादा म्हणाला. “ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं नाही.”

संध्याकाळपर्यंत मी बेरिंग बदललं. जुन्याच्या गोळ्यांवर खड्डे पडले होते. दादा हत्यारं हातात देत होता, ती मी न बघता घेत होतो. निघताना बारकी त्याच्यासमोरूनच गेली. “येते” एवढंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. गॅरेजात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

“भाऊ, पोचलो,” ती म्हणाली.

“दादाला देऊ?”

तिने फोन ठेवला.

दादा तोपर्यंत उठून जवळ आला होता, हात पुढे करून उभा होता. तिने ठेवला, हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला, गिऱ्हाइकांकडे पाठ केली. “हं,” म्हणाला. थोडं थांबून पुन्हा “हं.” मग “बरं, सांभाळून ये” म्हणाला आणि फोन मला परत दिला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“आवाज गेला म्हणाली.”