शिडीला हात न लावता

सणसरच्या देवळाच्या शिखरावर यात्रेला निशाण बांधायचा मान दत्तोबांच्या घराचा. औंदा त्यांचे गुडघे गेले, आणि पोटी एकटी स्वरूपा. यात्रेच्या तोंडावर गावच्या पंच मानसिंगतात्यांनी पारावर बसून निकाल देऊन टाकला, "बाईमाणसानं शिडीला हात लावायचा न्हाय. मान आता आमच्याकडं."

"शिडीलाच ना?" स्वरूपानं विचारलं.

"व्हय, शिडीला."

"मग ऱ्हाऊ द्या तुमची शिडी तुमाला."

ती तडक गोठ्यात शिरली. तिथं धारा काढायचं मशीन होतं. त्याचा पंप हवा अशी ओढतो, की सड नळीत गच्च बसतो. मग हात भिंतीला का बसू नये? तिनं किटलीची दोन झाकणं घेतली, कडेला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, झाकणांच्या पाठीवर जाड हातमोजे ठोकले आणि मधे भोकं पाडून पंपाच्या लांबलचक नळ्या जोडल्या. गोठ्याच्या भिंतीचा नुसता चुनाच हातात आला. पत्र्याला मोजा लावला, तर पत्रा खिळ्यांसकट खाली उतरला. म्हशीला लावला, तर म्हैस वैरण सोडून उलट्या पावलांनी मागं आली.

"देवळालाबी चुनाच असंल की गं," दत्तोबा म्हणाले.

"न्हाय आबा. तात्यांनीच औंदा गुळगुळीत ऑइल पेंट मारून घेतलाय."

यात्रेच्या सकाळी देवळाच्या पायरीशी पंप घरघरू लागला. बटनापाशी दत्तोबा बसले. निशाण कमरेला खोचून स्वरूपा भिंतीला चिकटली. दीड पुरुष वर गेली आणि डावा हात आपोआप सुटला. तो चिकटतोय तोवर उजवा सुटला. मशीनची टकटक करणारी डबी काढायची राहिली होती. वासरू चोखतं तसं सडाला एकदा धरायचं, एकदा सोडायचं, हेच त्या डबीचं काम.

"आबा, डबी ऱ्हायली."

"पंप बंद करू?"

"केला तर मी तुमच्या डोक्यावर. चालू द्या."

सुटेल तो हात वर, धरेल त्याच्यावर भार. रोज पहाटे हीच टकटक ऐकत ती धारा काढायची. तिला ताल कुणी शिकवायचा? पालीनं लाजून वळचणीत तोंड लपवावं, अशी ती वर गेली. कळसाला मिठी मारून तिनं निशाण बांधलं, आणि लाइट गेली. मोजे सैल पडले.

खालून मानसिंगतात्या हसले. "बस आता तितंच."

"बसते की. वारं ग्वाड हाय हितं."

ती ऐसपैस बसली. मग गावाच्या ध्यानात आलं, की निशाण बांधणाऱ्यानं नारळ फोडल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. भोई खांदा लावून ताटकळले. हलगीवाल्यांची बोटं गारठली. वायरमन फोन उचलेना. मांडवात शिजलेल्या भाताचा वास सुटला, तशी माणसं तात्यांकडं रागानं बघू लागली.

तात्यांनी शिडी आणवली. "उतर बाई."

"शिडीला हात लावायचा न्हाय मला. पंचांनी सांगितलंय."

"पंचच सांगत्यात. लाव."

"आन् मान?"

तात्यांनी पालखीकडं बघितलं, गावाकडं बघितलं. "तुमचाच."

"मोठ्यानं बोला. आबांना कमी ऐकू येतं."

"मान दत्तोबांच्या घराचा," तात्या ओरडले.

शेजारच्या रानात मुंगी चालली तरी दत्तोबांना ऐकू यायची. त्यांनी कानामागं हात धरला. "काय म्हणालास?"

तात्यांना पुन्हा ओरडावं लागलं. मग कुठं स्वरूपानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खाली वाकून म्हणाली, "घट्ट धरा तात्या. पुढल्या वर्षीबी तुमालाच धरायची हाय."