ज्या हाडावर राजाने शपथ घेतली

जरा हळूच बोलतो. इतकी वर्षं गप्प राहिल्यामुळे आता मोठ्याने बोलायचं धाडस होत नाही. मी एक हाड आहे. समुद्रातल्या एका बेटावरच्या ताओरो राज्याच्या राजांनी मला ओठांना लावलं, डोक्यावर घेतलं, थोर पूर्वज म्हणून माझ्यापुढे मान तुकवली. आणि खरं सांगू? मी एका शेळीचं हाड आहे. मागच्या डाव्या पायाचं.

भीती माझ्या पाचवीलाच पुजलेली. माझी शेळी जरा खडखडलं तरी दचकायची, एचेडेचा आगीचा डोंगर गुरगुरला की कळपाच्या मधोमध घुसून डोळे मिटायची. अशीच एकदा दचकून ती कड्यावरून घसरली आणि मी मोडलो. मोडलेल्या पायाच्या शेळीचं पुढे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण तिचा धनी बेनाकूर खाली उतरला. राजाचा मुलगा असला तरी शेळ्या स्वतः राखायचा. त्याने दोन काटक्या लावल्या, कातड्याच्या वादीने पाय आवळून बांधला आणि तिला खांद्यावर टाकून घरी आणलं.

मी सांधलो, पण वाकडा. मध्ये एक गाठ राहिली. शेळी लंगडी झाली आणि बेनाकूरची लाडकीही झाली. तो तिच्याशी बोलायचा, येताजाता त्या गाठीवरून अंगठा फिरवायचा.

मग म्हातारा राजा वारला. आमच्याकडची जुनी रीत अशी, की राजामागे त्याचा भाऊ बसतो, मुलाची पाळी नंतर. पण भाऊ अचमार हा तापट माणूस. पंचांनी बेनाकूरला निवडलं. अचमार वरवर हसला. त्याची माणसं मात्र लाकडी भाल्यांची टोकं विस्तवात भाजून कडक करत बसली.

राज्यावर येणाऱ्याने शपथेच्या आदल्या दिवशी आपल्या कळपातलं जे द्यायला सर्वांत जड जाईल ते जेवणाला द्यायचं, असा आमचा नेम. बेनाकूरने माझी शेळी दिली. लोक कुजबुजले, "लंगडी दिली बघा, चिक्कू कुठला!" त्या दिवशी त्याने मांसाला हात लावला नाही, नुसतं भाजलेल्या जवाचं पीठ दुधात कालवून खाल्लं.

राजाची शपथ म्हणजे काय, हेही सांगतो. सर्वांत जुन्या राजाच्या दंडाचं हाड आमच्याकडे कातड्यात गुंडाळून जपलेलं असे. नव्या राजाने ते ओठांना लावायचं, डोक्यावर धरायचं आणि म्हणायचं, "जो थोर झाला, त्याच्या हाडाची आण." मग भाऊबंदांनी ते खांद्यावर घेऊन त्याला राजा मानायची आण घ्यायची. हाड नाही तर शपथ नाही, शपथ नाही तर राजा नाही.

ते हाड सांभाळायची बेनाकूरची आत्या, तगासा. शपथेच्या सकाळी तिने रिवाजाप्रमाणे ते लोण्याने माखलं आणि लोणी मुरावं म्हणून आपल्या राहत्या गुहेच्या तोंडाशी उन्हात ठेवलं. लोण्याच्या वासाला कुत्र्याने काय करायचं, तेच तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याने केलं.

ती बाहेर आली तेव्हा थोर पूर्वजाचा बोटभर तुकडा शिल्लक होता आणि कुत्रं मिशा चाटत होतं.

"मेले रे देवा!" ती मटकन खाली बसली. "पूर्वजानेच पाठ फिरवली, म्हणेल अचमार. आणि माझ्या बेनाकूरला शपथेच्या रिंगणातच भोसकेल." खालून शंख वाजला. लोक जमले होते. तिची भिरभिरती नजर चुलीपाशी पडलेल्या, कालच्या जेवणातल्या उष्ट्या हाडांवर गेली. माझ्यावर गेली.

तिने मला खरवडलं, राखेने घासलं, लोणी चोपडलं. जुन्या कातड्यात चांगले वेढे देऊन गाठ झाकली, लांबी कमी पडत होती तिथे चिंध्या कोंबल्या. ओठ टेकण्यापुरताच भाग उघडा ठेवला. त्या घाईत मी दोनदा तिच्या हातून खाली पडलो. "गप राहा बाबा," ती मला म्हणाली. जसा काही मी ओरडणारच होतो!

हाडाला काळीज नसतं म्हणतात. मग त्या दगडी रिंगणात माझं काय धडधडत होतं, कोण जाणे.

तिने मला बेनाकूरच्या हातात दिलं. त्याने मला तोंडाजवळ नेलं आणि त्याचा अंगठा सवयीने कातड्यावरून सरकत गाठीवर आला. तिथेच थांबला.

त्याने ओळखलं. स्वतःच्या हाताने बांधलेला पाय कोण विसरेल? त्याने आत्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. त्याने अचमारच्या माणसांकडे पाहिलं. सगळं रिंगण वाट बघत होतं आणि त्याचा हात माझ्याइतकाच भ्यालेला होता. मग त्याने मला ओठ लावले, डोक्यावर धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जो थोर झाला, त्याच्या हाडाची आण."

मला वाटलं, सुटलो. कसचं काय! आता अचमारची पाळी होती. त्याने मला खांद्यावर घेतलं, मान वळवली आणि नाक फेंदारलं.

"ताई, हे इतकं हलकं कसं गं?"

"म्हातारं झालंय ते," तगासा म्हणाली. "तुझ्यासारखं खाऊन खाऊन फुगत नाही."

कोणी हसलं नाही. "आणि शेळीचा वास येतोय याला," तो म्हणाला आणि त्याची बोटं कातड्याच्या वादीवर गेली. एक वेढा सुटला. माझी पाचावर धारण बसली. अजून एक वेढा, की सगळ्यांना वाकडी गाठ दिसणार होती.

बेनाकूरने त्याच्या हातावर हात ठेवला. "काका, लोणी शेळीचंच असतं. तुमच्याकडे काय डोंगराला दूध येतं का?"

रिंगण खो खो हसलं. हसू ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "ज्याला मी ओठ लावले, त्याला तुम्ही सोलून बघणार असाल तर बघा. पण मग शपथ माझी मोडणार नाही काका, तुमची घेण्याआधीच मोडेल." अचमार सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने वादी सोडली आणि आण घेतली.

दुसऱ्या दिवशी राजा गुहेत आला. तगासा त्याच्या पायांवर कोसळली. "मला कड्यावरून लोट, पण सगळ्यांसमोर विचारू नकोस."

"आधी ते कुत्रं बांध, आत्या," तो म्हणाला. मग मला मांडीवर घेऊन बसला.

"बेनाकूर, शपथ खोटी झाली का रे?"

"थोर माणसाच्या हाडावर घेतली असती, तर तो थोर सांभाळून घेईल म्हणून मी निर्धास्त झोपलो असतो. आता सगळं माझ्यावरच आलं. मला भीती वाटते गं."

ती भीती त्याची कधी गेली नाही. न्याय करायचा असला की आदल्या संध्याकाळी येऊन तो माझ्या गाठीवर अंगठा ठेवायचा. पुढे समुद्रापासून समुद्रापर्यंत सगळं बेट त्याला राजा मानू लागलं. लोक गाणी रचू लागले, की पूर्वजाचं बळ त्याच्या दंडात उतरलंय. मी कातड्यात अंग चोरून ऐकायचो.

तो गेला. त्याच्या मुलांनी बेटाचे तुकडे केले आणि सगळ्यांनी माझीच आण घेतली. त्यांतल्या एकाचाही अंगठा कधी गाठीवर थांबला नाही. मग एके दिवशी समुद्रावर परक्या चालून येणाऱ्यांची पांढरी शिडं आली. माझ्या शेवटच्या राखणदारणीने मला या कपारीत सारलं, वर दगड रचले आणि ती पळाली. परत आली नाही.

आता दगडांवर कधीमधी पावलं वाजतात आणि मी अजूनही दचकतो. तुम्ही मला उचललंत आणि राजाचं हाड म्हणून नमस्कार केलात, तरी मला धडकी भरेल. शेळीचं हाड म्हणून दरीत भिरकावलंत, तरी भरेल. काय करायचं ते करा. फक्त त्याआधी कातडं सोडून माझ्या गाठीवर एकदा अंगठा ठेवा. हाड शेळीचं आहे, पण ती गाठ राजाच्या हातची आहे.