बंब, नग एक

दिघीच्या कोळीवाड्यात एकशे बारा घरं, आणि एकूण एक माडाच्या झापांनी शाकारलेली. फाल्गुनातलं वारं सुटलं की एक ठिणगी पुरे. गुणाजीचा जीव अडकला होता तो केसरपायी. होडीवरून पडून त्याची बायको कंबरेखाली लुळी झाली होती. आग लागली तर बाकीचे पळतील, ही खाटेवरच राहील, हे त्याला बसता-उठता दिसायचं.

म्हणून सत्तावन्न साली वरच्या कचेरीचा साहेब फीत घेऊन वाडा मोजायला आला, तेव्हा गुणाजी दिवसभर त्याच्या मागे फिरला. साहेबाकडे छापील नियम होते. आग विझवायची मोटार पन्नास हजार वस्तीला एक. तेवढी माणसं इथे जमवायची तर मेलेलेही मोजावे लागले असते! पण झापाची घरं शंभरावर असतील आणि पाणी जवळ असेल, तर हाताने मारायचा पंप पाइपासकट मिळणार होता. साहेबाने घरं मोजली, खाडीपर्यंत फीत टाकली. भरती होती, अंतर अगदी नियमात बसलं.

"अर्ज करा," साहेब म्हणाला. "हातपंप असं लिहा."

गुणाजी चौथी शिकलेला, म्हणजे वाड्यातला पंडितच. अर्ज लिहिता लिहिता त्याचा हात अडला. म्हसळ्याच्या बाजारात एक हातपंप होता, बाया त्यावर हंडे भरायच्या. तसलाच आणून उरावर ठेवला तर? मुंबईच्या गोदीत असताना आगीवर धावणारी लाल गाडी त्याने पाहिली होती, आणि तिला लहानथोर बंबच म्हणायचे. त्याने हातपंप खोडलं आणि ठसठशीत लिहिलं, 'बंब, हाताने उचलता येण्याजोगा, नग एक.'

आठ महिन्यांनी खाडीतल्या तरीच्या होडीतून पेटी उतरली. सगळा वाडा धक्क्यावर. फळ्या काढल्या, पेंढा उपसला, आणि आतून निघाला अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब! चांगला लखलखीत, पितळी तोटीचा. डाकबंगल्यांना सामान पुरवणाऱ्या गोदामातल्या कुणा दीडशहाण्याने मागणीबरहुकूम पाठवला होता.

"गुणाजीदादा, आग लागली का तिला न्हाऊ घालायचं व्हय?" शेजारची बायजा म्हणाली, आणि माणसं पोट धरधरून हसली. गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बंब घरी आणला तेव्हा खाटेवरची केसर तेवढी हसली नाही. "बरं झालं की वो," ती म्हणाली. "आता मला ऊन पाण्यानं न्हायला घाला रोज."

"माझ्या दारात ह्यो पेटायचा न्हाय," गुणाजी खेकसला आणि बंब परसात नेऊन आपटला. केसरने पुन्हा विषय काढला नाही.

त्याने दुसरा अर्ज केला. उत्तर आलं, मागणीप्रमाणे पुरवठा झाला आहे, एका वस्तीस पाच वर्षांत एकच नग. आता लिहा अर्ज जन्मभर!

तरी तो तिसरा घेऊन बोर्ली पंचतनच्या टपालात गेला. त्याच दुपारी वाड्यात जाळी रंगवायला झाडाची साल उकळत होती. वारा आला, चुलीतली ठिणगी उडून शेजारच्या छपरावर बसली. पुरुष सगळे दर्यावर. बाया घागरी घेऊन खाडीकडे धावल्या, तर ओहोटी! नियमात बसलेलं पाणी पार चिखलापलीकडे गेलेलं. गुणाजी धापा टाकत पोचला तेव्हा त्याच्या घरासकट तेवीस घरांची राख झाली होती. केसरला बायजाने ओढत अंगणात आणलं होतं, पण धुराने आधीच तिचा श्वास कोंडला होता.

तिच्या शेवटच्या अंघोळीला पाणी ऊन करायचं, तर घरात भांडं म्हणून उरलं नव्हतं. होता तो परसातला बंब. गुणाजीने स्वतःच्या हाताने आपल्याच घराचे अर्धवट जळलेले वासे त्यात घातले आणि तो पेटवला. तोटीखाली तांब्या धरताना तो ओक्साबोक्शी रडला. दोन वर्षांत तिने मागितलं ते एवढंच, तेही एकदाच.

तिसऱ्या दिवशी तोच साहेब तक्ता घेऊन आला. घरं मोजली, माणसं मोजली, मग एका रकान्याशी थांबला.

"तुम्हाला बंब दिला होता ना? चालू आहे?"

"व्हय सायेब, चालू हाय," गुणाजी म्हणाला. "परवाच पेटवला व्हता."

साहेबाने मान वर न करता लिहिलं, 'चालू.'