युसुफ शेखांचं नाव

सतरा सप्टेंबरच्या सकाळी आखातातल्या, अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये लग्नघराची धांदल होती. शेजारच्या मरियमबींचा सत्कार होता, गावाकडच्या कार्यक्रमाला व्हिडिओनं जोडून. सरकारनं त्यांना अखेर स्वातंत्र्यसैनिक ठरवलं होतं! निजामाच्या राज्यात, आठ वर्षांची ही पोर रझाकारांच्या नाकावर टिच्चून शेतात लपलेल्या सैनिकांना भाकऱ्या पोचवायची. त्यातल्या कित्येक माझ्या आजोबांनी खाल्ल्या. आमचं गाव एकच.

पण मरियमबींची अट होती. मुक्तिदिनाला गावच्या शाळेत हुतात्म्यांची नावं पुकारतात आणि मुलं ‘अमर रहे’ म्हणतात. त्यात त्यांच्या वडिलांचं नाव कधीच नव्हतं. त्या भाकऱ्या पाठवणारे तेच. तरी रझाकार हरल्यावर, निव्वळ मुसलमान म्हणून, गावातल्याच लोकांनी त्यांना मारलं. आईचं बोट धरून मरियमबींनी गाव सोडलं, ते पुन्हा पाहिलं नाही.

"बापाचं नाव घेतलं तरच शाल घेईन," त्या म्हणाल्या होत्या.

सरपंच म्हणजे माझा धाकटा भाऊ तुकाराम. त्याला मी फोनवर चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"अर्चनाताई, मोठी माणसं म्हणतात जुनं उकरू नका. बघतो."

बघतो म्हणे! डोकंच फिरलं माझं.

आणि आज पठ्ठ्यानं लावला काय, तर व्हॉट्सॲप कॉल! इथे तो लागत नाही, हे शंभरदा सांगून झालंय. तिकडे झेंडावंदन उरकलंसुद्धा असणार.

"नबिला, मीटिंगची लिंक टाक त्याला, यल्ला, लवकर!"

"सेंड केली, आंटी! रिलॅक्स!" मरियमबींची नात म्हणाली.

टीव्हीवर शाळेचं मैदान दिसलं, तेव्हा शेवटचं ‘अमर रहे’ विरत होतं. मुलं खाली बसायला लागली. मरियमबींनी समोरची शाल बाजूला सरकवली.

तेवढ्यात तुकारामनं माइक ओढला. "बसू नका रे! मरियमनानींसाठी एक नाव मुद्दाम राखून ठेवलंय. नानी, ऐकताय ना? हुतात्मा युसुफ शेख! यांना आपल्याच गावानं मारलं. गाव माफी मागतंय."

"अमर रहे!" अख्खी शाळा गरजली. नबिलासुद्धा सोफ्यावर चढून ओरडली! मी रडत होते आणि टाळ्याही पिटत होते.

मरियमबींनी खांदे पुढे केले. मी शाल घातली.

"नबिला, तिकीट बघ," त्या म्हणाल्या. मग टीव्हीकडे वळल्या. "तुकाराम, घरात सांग, तवा ठेवा. या वेळी मी भाकरी खायला येतेय."