उजाडतानाची होडी

आठ दिवस समुद्राकाठी जायचं हे थोरलीनंच ठरवलं होतं. धाकट्या बहिणीलाही नेऊ, ती बिचारी एकटी घरी काय करणार, असं नवऱ्याला म्हणालीही तीच. त्यामुळे तिसऱ्या दिवशी मनात खुपायला लागलं तेव्हा दोष द्यायला तिला कुणी सापडेना.

थोरली कपडे शिवायची. नवरा नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता आणि घरी तोंडाला कुलूप लावूनच वावरायचा. इथे मात्र तो बोलत सुटला होता. धाकटी शाळेत ग्रंथपाल, पाखरांसाठी वेडी. पहिल्याच दिवशी खाडीत होडीतून जाताना तिनं निळाशार खंड्या दाखवला, आणि तेव्हापासून तिचं "भावोजी, ते बघा" आणि त्याचं "कुठे, कुठे" थांबेना. दुर्बीण थोरलीच्या हातात यायची ती पाखरू उडून गेल्यावर.

चौथ्या दिवशी तिघं डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या झऱ्यावर गेली. पाय पाण्यात सोडून बसल्यावर धाकटीनं बगळ्याच्या चालीची नक्कल केली आणि नवरा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. हे हसू थोरलीनं लग्नानंतरच्या दोन-तीन वर्षांत ऐकलं होतं, पुढे कधीच नाही. पाणी सोसवत नाही असं सांगून ती उठली आणि लांब दगडावर जाऊन कोरडे झालेले पायच पुसत बसली.

धाकटीला पाणमांजर बघायचं होतं. लहानपणापासूनची हौस. होडीवाल्यानं थोरलीला सांगून ठेवलं की उद्या उजाडताना ओहोटी आहे, तेव्हा आलात तर नक्की दिसेल. खोलीवर येऊन थोरली म्हणाली, "उद्या होडी नाही. त्याला काम निघालंय."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. तरी पहाटे ती चपला हातात घेऊन बाहेर पडली. दोघांना बरं नाही, असं तिनं होडीवाल्याला सांगितलं.

पाणमांजर खरंच दिसलं. चिखलाच्या काठावर आई आणि दोन पिल्लं. एक पिल्लू घसरून पाण्यात पडलं, तर आईनं त्याला मानेला धरून वर आणलं आणि ते लगेच पुन्हा घसरलं. थोरलीला हसू फुटलं. शेजारी कुणाला तरी कोपरानं ढोसावं म्हणून ती वळली, पण फळी रिकामीच होती.

परतल्यावर धक्क्यावर दोघं उभी. ती कुठे गेली म्हणून शोधत आलेली. होडीवाल्यानं काळजीनं विचारलं, "बरं वाटतंय ना आता तुम्हाला?" आणि सगळं उघडं पडलं.

धाकटीनं एवढंच विचारलं, "दिसलं?"

"दिसलं. पिल्लंही होती. एक पाण्यात घसरलं, तर आईनं धरून वर काढलं." मग थोरलीनं मान खाली घातली. "मला हेवा वाटला गं. तुम्ही दोघं बोलता आणि मी नुसती बरोबर असते."

"मग तसं सांगायचंस, ताई. मी मागे बसले असते. हे मात्र मी लवकर विसरायची नाही."

नवऱ्यानं होडीवाल्याला दुसऱ्या दिवशीची वेळ विचारली. पुढचे दोन दिवस तिघं रोज उजाडताना गेली, पण पाणमांजर काही आलं नाही.

शेवटच्या सकाळी नवरा होडीत पुढून उठला आणि बायकोशेजारी येऊन बसला. त्यानं विचारलं, आईनं पिल्लाला धरलं तरी कसं? थोरलीनं सांगितलं. पिल्लं केवढी होती, हेही त्यानं विचारलं. तिनं हातांनी माप करून दाखवलं, वीतभर आणि वर चार बोटं, शेपटी सोडून. तो विचारत गेला, ती सांगत गेली. पुढे धाकटी दुर्बीण डोळ्यांना लावून बसली होती, पण दुर्बीण जागची हलत नव्हती. ती ऐकत होती.

तिचे कान लाल झालेले थोरलीला दिसले. आपल्याला हे गोड लागतंय, याची तिला लाज वाटली. तरी तिनं सांगणं आवरतं घेतलं नाही. फक्त आवाज थोडा वाढवला, पुढेही नीट ऐकू जावं म्हणून.