राष्ट्राध्यक्षांचा जबडा

“क्लीव्हलंड,” ती तिसऱ्यांदा म्हणाली. वरचा अर्धा जबडा काढून तिथे प्लॅस्टिकचा टाळू बसवला होता. ‘क्ली’पाशी हमखास हवा निसटायची.

“जमलं की!” नवरा म्हणाला.

“डोंबल जमलं!”

रोज मोठ्याने वाचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा वाचनालयात कारकून. ज्यांना कुणी हातही लावत नाही अशी अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची चरित्रं तो एकेक करून घरी आणायचा. फिलमोर झाला, पियर्स झाला, आता क्लीव्हलंड. “कुणाला ठाऊक नसलेली माणसं माझ्याच गळ्यात का?” म्हणून ती कुरकुरायची. ती कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर; आवाजावर सगळी नोकरी केली, आणि ऑपरेशननंतर फोनला शिवली नव्हती.

आज मात्र वाचता वाचता ती ताडकन उठून बसली.

“अहो, ह्याचाही जबडा काढला! कॅन्सर! मित्राच्या बोटीवर, गुपचूप! वर रबराचा जबडा बसवला!”

“काय सांगतेस! राष्ट्राध्यक्षाचा?”

“लोकांना सांगितलं, दात काढले.”

नवरा हरखला. “बघ! आणि कुणाला पत्ता नाही!”

“होता की. एका बातमीदाराने छापलं. तर त्यालाच खोटारडा ठरवला. कित्येक वर्षांनी बोटीवरचाच एक डॉक्टर खरं बोलला.”

आणि तिने पुस्तक मिटलं. नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

त्याची धाकटी बहीण नातेवाइकांत बोलून गेली होती, वहिनीला कॅन्सर झालाय. “थापा मारते ही! दाढ दुखतेय बायकोची!” हा चारचौघांत तिच्यावर खेकसला होता, आणि शेजारी उभ्या बायकोने मुकाट मान डोलावली होती. तेव्हापासून नणंदेने या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

“काय करून बसलो हो आपण?” ती म्हणाली.

“तुझ्यासाठीच ना! लोक कीव करत बसले असते.”

“आणि तिचं काय?”

तिने फोन ओढला.

“कोण बोलतंय?” नणंदेने आवाज ओळखलाच नाही.

“वहिनी.”

“कोण?”

शेजारी ऐकतील म्हणून नवरा खिडकी लावायला धावला. तिने त्याला हातानेच थांबवलं.

“वहिनी गं. मला कॅन्सर झाला होता. तू खरं बोलली होतीस.”

पलीकडून मग हुंदका. “वहिनी, तुझा आवाज…”

“असाच आहे आता. नीट ऐक, परत सांगते.”